पाच रुपयांची गाठ ब्रिस्टलला सुटली

रविवार, २१ मे २००६, दुपार. रक्कम: चांदीचे राजाछाप रुपये पाच, पांढऱ्या फडक्यात गाठ मारलेले. स्थळ: ब्रिस्टल, माझ्या मुलीचं घर. हजर: मी, माझी पत्नी दीना, मुलगी शुलमित, जावई बेंजी, विहीणबाई एस्तेर, बाथहून आलेले मिस्टर हॅरिस, आणि ज्याच्यासाठी हे सगळे जमले तो एक महिन्याचा एलियाहू. तो झोपला होता.

मी ठाण्याला एका सहकारी संस्थेत हिशेबनीस आहे. तारीख, रक्कम आणि हजर माणसं आधी लिहिल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. आता मागचं सांगतो.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. अलिबागकडे आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण आमचे घाणे शनिवारी बंद. पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं, पुस्तकं समुद्रात गेली, आणि उरलं ते 'शमा' ही एक प्रार्थना, मुलांची सुंता, शनिवार आणि खवल्यांचेच मासे खाण्याचा नियम, असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मला त्याचा अभिमान आहे. बाकीच्या जगातल्या ज्यूंनी पुढे रब्बींचे, म्हणजे गुरुजींचे, ग्रंथ लिहिले, वाद घातले, नियमांना नियम जोडले. आमच्याकडे राहिलं ते मूळचं, असं मी चारचौघांत सांगत आलो. इंग्लंडला निघतानाही सांगत होतो.

तोराचा, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथाचा, एक नियम असा. मिसर देशातून सुटकेच्या वेळी इस्राएलचे ज्येष्ठ मुलगे वाचले, म्हणून आईचा पहिला मुलगा देवाचा. तो महिन्याचा झाला की बापानं पाच शेकेल चांदी कोहेनाला देऊन त्याला सोडवून घ्यायचं. कोहेन म्हणजे यरुशलेमच्या जुन्या मंदिरातल्या पुरोहितांचा वंशज. आमच्या कोकणात कोहेन नाहीत. १९२२ साली माझे वडील जन्मले तेव्हा आजोबांनी घाण्याच्या कमाईतले पाच रुपये बाजूला काढले आणि गाठ बांधली. मुंबईला बाहेरदेशीच्या ज्यूंच्या मशिदीत कोहेन होते (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो), पण आम्हाला ज्यू धरायचं की नाही यावरच तिथे वाद. आजोबा म्हणाले, मी दारात उभा राहून विचारणार नाही. १९५१ साली मी जन्मलो. गाठ कपाटातून निघाली, कोहेन काही सापडला नाही, गाठ पुन्हा कपाटात गेली. दोन वर्षांपूर्वी आईनं शेवटच्या दुखण्यात ती माझ्या हातात दिली. म्हणाली, "ही कोहेनाच्या हातात गेली पाहिजे. लॉकरमध्ये नको टाकूस."

यंदा पेसाहच्या, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाच्या, शेवटच्या दिवशी शुलमितला मुलगा झाला. पहिलाच. मी गाठ हातातल्या बॅगेत घेतली आणि विमानात बसलो.

ब्रिस्टल

शुलमित इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. बेंजी विमानांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. तो कॉव्हेंट्रीत जन्मला आणि वाढला. मराठी बोलतो, पण त्याच्या मराठीत बाईमाणूस-बाप्यामाणूस एकाच रांगेत बसतात. दारातच त्यानं बाळ माझ्या हातात दिलं. "पप्पा, बघा, झोपली आहे तुमचा नातू."

घर टेकडीवर आहे. खिडकीतून रंगीत घरांच्या ओळी एकाखाली एक उतरत बंदरापर्यंत जातात. मे महिना, तरी मी स्वेटर काढला नाही. दीनानं पहिल्याच सकाळी डिंकाच्या लाडवांसाठी डिंक तळायला घेतला आणि धुराच्या गजरानं अख्खी गल्ली जागी केली. शेजारची म्हातारी गाऊनमध्ये बाहेर आली. दीनानं तिला एक लाडू दिला. दुसऱ्या दिवशी ती आणखी दोन मागायला आली.

मी कोहेनाची चौकशी केली. बेंजीच्या ओळखीत कोहेन आडनावाचे एक गृहस्थ होते. मला वाटलं काम झालं. ते म्हणाले, आमच्या आजोबांनी हे आडनाव इंग्लंडला उतरल्यावर घेतलं, इंग्रजांना उच्चारायला सोपं म्हणून. आम्ही कोहेन नाही. खरे कोहेन निघाले बाथचे मिस्टर हॅरिस. रिटायर्ड केमिस्ट, वय ऐंशीच्या घरात. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो बाळंतपण कसं झालं हा.

"नॉर्मल," शुलमित म्हणाली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "पप्पा, सिझेरियन झालं असतं तर हे काही करावंच लागलं नसतं."

"असं कोण म्हणतं?"

"रब्बी म्हणतात. वाट बाळानं उघडायची, सर्जननं नाही."

"बघ," मी म्हटलं, "देवानं एक ओळ सांगितली, यांनी पानं भरली."

"अहो, पण नियम बरोबरच आहे की," दीना आतून म्हणाली.

महिना पुरा होतो तो दिवस शनिवार आला. शनिवारी पैशाला हात नाही, म्हणून रविवार ठरला. मध्ये आठवडाभर मोकळा होता. मी निश्चिंत होतो. पाच शेकेल, पाच रुपये. माझ्या हिशेबी मेळ बसला होता.

कॉव्हेंट्री

विहीणबाई एस्तेर मूळच्या पेणच्या. यजमान मोटारींच्या कारखान्यात होते, आता नाहीत. चाळीस वर्षं एकाच घरात. "या, या. शूज काढू नका, कार्पेट माझ्याहून जुनं आहे." त्यांनी मॅकरेलचं नारळाच्या दुधातलं कालवण केलं होतं. मॅकरेल म्हणजे आपला बांगडाच, पण थंड पाण्यात वाढलेला, अंगानं जाड. नारळाचं दूध डब्यातलं. तरी पहिल्या घासाला दीना गप्प झाली. तिच्याकडून स्वयंपाकाला एवढी दाद पुरे.

जेवणानंतर एस्तेरबाईंनी आम्हाला गावातलं कॅथीड्रल दाखवलं. युद्धात बॉम्ब पडून जुनं जळलं. भिंती उभ्या आहेत, वर छत नाही, खिडक्यांत काच नाही, आत बाकांवर माणसं सँडविच खात बसतात. नवं कॅथीड्रल त्याला लागूनच बांधलं आहे. आपल्याकडे पडकं पाडून जागा मोकळी केली असती. इथे पडकं तसंच झाडून-पुसून ठेवलंय.

"यांना बरं," एस्तेरबाई म्हणाल्या, "शेजारीच जागा मिळाली. आपलं मंदिर रोमनांनी जाळलं, मग बांधलं कुठे?"

मला बिरड्याचा रोजा आठवला. मंदिर जळालं त्या तिथीचा उपास. संध्याकाळी रोजा सोडताना आई जमिनीवर पानं मांडून वालाचं बिरडं वाढायची.

"मला लहानपणी वाटायचं," एस्तेरबाई म्हणाल्या, "की कुणाचं तरी बिरडं जळलं म्हणून सगळे रडतात."

आम्ही तिथल्या बाकावर बसलो. मंदिर होतं तोवर धर्माचं काम सोपं होतं: बकरा न्या, धान्य न्या, कोहेनाला द्या, तो वेदीवर ठेवील. मंदिर गेलं त्या दिवशी वेदी गेली, बळी गेले, कोहेनांचा धंदा बसला. मग रब्बींनी ठरवलं की बळीच्या वेळेला प्रार्थना म्हणायची आणि वेदीच्या जागी घरचं जेवणाचं मेज धरायचं. बांधकाम नाहीच. सगळं तोंडात आणि पुस्तकात. हे मला शाळेत शिकवलेलं होतं. पण छप्पर नसलेल्या देवळात बसेपर्यंत त्यांच्यापुढे काय अडचण होती ते कळलं नव्हतं.

निघताना एस्तेरबाईंनी पातळ पोह्यांच्या दोन पिशव्या दिल्या. रविवारच्या मलिद्यासाठी, म्हणजे आमच्या शुभकार्यातल्या प्रसादासाठी. "ब्रिस्टलचे पोहे जाड," त्या म्हणाल्या. ब्रिस्टलमधल्या कुठल्या दुकानातले ते सांगितलं नाही.

लंडन

बुधवारी बेंजीनं रजा घेऊन आम्हाला लंडनच्या मोठ्या म्युझियममध्ये नेलं. तिकीट नाही, दारात काचेची पेटी ठेवली आहे, ज्याला वाटेल त्यानं टाकावं. मी माणशी एक पौंड टाकला. दीना इजिप्तच्या ममींकडे गेली. मी नाण्यांच्या दालनात गेलो, कारण मला शेकेल बघायचा होता.

तो होता. सोर नावाच्या बंदरात पाडलेला, एका बाजूला परक्या देवाचं तोंड, दुसऱ्या बाजूला गरुड. यरुशलेमच्या मंदिरात हाच घेत. मूर्तीला शिवणार नाहीत असे लोक, आणि देणगी घेत ती मूर्तीच्या तोंडाची. शेजारच्या चिठ्ठीवर कारण होतं: या नाण्याची चांदी त्या काळी सगळ्यांत शुद्ध. मला हे मनापासून पटलं. तोंड कुणाचं का असेना, कस बघा. माझ्या रुपयावरही जॉर्ज बादशहाच होता.

मग मी वजन वाचलं. चौदा ग्रॅम.

रुपया म्हणजे एक तोळा, हे माझ्या पिढीला तोंडपाठ असतं. तोळ्याचे ग्रॅम पावणेबारा, तेही पुरते नाहीत. मी ते आकडे तीनदा मनात मांडले आणि तिन्ही वेळा कमीच भरले.

"काय झालं, पप्पा?" बेंजी म्हणाला.

"काही नाही. एक फरक आहे."

"मोठी फरक?"

"अजून कळायचं आहे."

बाथ

शुक्रवारी सकाळी मी आणि बेंजी मिस्टर हॅरिसना भेटायला गेलो. बाथ हे मधाच्या रंगाच्या दगडांचं गाव आहे. रोमनांची स्नानगृहं बघायला लोक लांबून येतात. मी म्हटलं, ज्यांनी आमचं मंदिर जाळलं त्यांची न्हाणीघरं मी पैसे देऊन बघणार नाही. बेंजी म्हणाला, "Fair enough, मला पण पार्किंग स्वस्त पडेल."

मिस्टर हॅरिस उंच, वाकलेले, कानात यंत्र. संभाषण अर्थातच इंग्रजीत झालं. मी आधी मनातलं बोलून टाकलं: आम्ही बेने इस्राएल, भारतातले, आम्हाला धरता ना?

"मी कोहेन आहे," ते म्हणाले, "इमिग्रेशन ऑफिसर नाही. बसा."

मी गाठ टेबलावर ठेवली. सोडली नाही, ती सोडायचा अधिकार माझा नव्हता. त्यांनी कपाटातून जुना औषधी तराजू काढला आणि गाठ तशीच पारड्यात ठेवली. फडक्याचं वजन अंदाजानं वजा केलं. मग आम्ही दोघांनी कागदावर वेगवेगळे आकडे मांडले. जुन्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी. पाच रुपयांची शुद्ध चांदी साडेत्रेपन्न ग्रॅम. दोघांचा आकडा एकच आला.

"लागते किती?"

"मतं अनेक आहेत. मी शंभर ग्रॅम धरतो. म्हणजे सगळ्या मतांचं समाधान होतं."

निम्मी. चौऱ्याऐंशी वर्षं सांभाळलेली रक्कम निम्मी होती.

मी म्हटलं, "तोरात पाचच लिहिलंय. वजन नंतर रब्बींनी काढलेलं."

"पाच काय लिहिलंय?"

मला तो भाग पाठ आहे. मी म्हणायला लागलो: पाच शेकेल, पवित्रस्थानातल्या शेकेलाच्या मापानं, शेकेलाचे गेरे वीस. म्हणता म्हणता मीच थांबलो. मूळ ओळीतच माप होतं. मी आयुष्यभर ती ओळ म्हणत आलो आणि आकडा मोजला, माप वाचलं नाही. शेकेल हे आधी वजन होतं, नाणं नंतर झालं. आमच्या आजोबांच्या गावात चांदी म्हणजे रुपया, आणि पाच म्हणजे पाच. रब्बींनी काही वाढवलं नव्हतं. मंदिरातली वजनं मंदिराबरोबर गेल्यावर, ते माप नक्की किती होतं, एवढंच त्यांनी शोधून लिहून ठेवलं होतं. हिशेबनिसानं हेच करायचं असतं.

"उरलेल्याचा चेक बेंजी देईल," मी म्हटलं.

"चेक चालत नाही. कागद नाही, जमीन नाही. चांदी, किंवा तेवढ्या किमतीची वस्तू."

मग दीनानं आणलेली चांदीची वाटी मला आठवली. तिच्यातूनच शुलमितचं उष्टावण झालं होतं. पाच रुपये आणि वाटी मिळून शंभराच्या वर जात होतं. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर बेंजी म्हणाला, "पप्पा, नाही. तुमचा नातू आहे, पण माझी मुलगा आहे. हे बापानी करायचं. मी चांदीची कॉइन्स ऑर्डर केली आहेत, लास्ट वीक."

"मग हे रुपये?"

"तुम्ही ठेवा. आठवण."

मला राग आला. मी मराठीत बोललो ते मिस्टर हॅरिसना कळलं नाही, पण सूर कळला असावा. आठवण म्हणून ठेवायला आईनं दिले नव्हते. पुन्हा कपाटात गेले असते तर या पिढीनंतर ते काय आहेत हे कुणालाही सांगता आलं नसतं.

मिस्टर हॅरिसनी बेंजीला विचारलं काय चाललंय, आणि बेंजीनं सगळं सांगितलं. १९२२, १९५१, कपाट, आई. ऐकून झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही आईचे पहिले?"

"हो."

"तुमचं कुणी केलं?"

कुणी केलं नव्हतं. ही गाठ मला दिसत होती, तिच्यातली रक्कम पाठ होती, आणि ती माझ्या नावावर बाकी आहे हे मात्र मी कधी मांडलं नव्हतं.

"बापानं केलं नाही तर मुलानं मोठं होऊन स्वतःचं करायचं," ते म्हणाले. "वयाची अट नाही. आणि तुमच्यासारखा प्रश्न मिश्नात, रब्बींच्या जुन्या नियमग्रंथात, आहे. माणसाकडे पाचच शेकेल आहेत. त्याचंही राहिलंय, मुलाचंही राहिलंय. आधी कोण?"

"मुलगा," मी म्हटलं.

"रब्बी यहूदा तुमच्या बाजूला आहेत. बाकीचे म्हणतात, आधी स्वतः. तेच चालतं."

"मग रब्बी यहूदांचं मत कशाला ठेवलं?"

"ते त्यांनी सांगितलं म्हणून."

आमच्या ऑफिसात चुकलेली नोंद खोडरबरानं पुसत नाहीत. एक रेघ मारतात. खालचं वाचता आलं पाहिजे. मला वाटत होतं हा धडा मला ठाण्याच्या हेडक्लार्कनं दिला. तो त्याच्याही आधी कुणी तरी, जळलेल्या यरुशलेममधून बाहेर पडून, लिहायला बसताना दिलेला होता. रब्बींबद्दलचं माझं जुनं मत मी त्या टेबलावर तसंच ठेवलं आणि त्याच्यावर एक रेघ मारली.

तरी घरी येताना मी कुरकुर केली. पंचावन्नाव्या वर्षी हे शोभतं का? शुलमित हसली. दीना हसली नाही. म्हणाली, "अहो, सासूबाईंनी गाठ तुमच्या हातात दिली ती कशाला? नातवाचं नाव सांगून पळताय कुठे?"

पुन्हा ब्रिस्टल

रविवारी पाऊस नव्हता. एस्तेरबाई सकाळच्या ट्रेननं आल्या. दीनानं मलिदा केला: पातळ पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, वर फळं. मिस्टर हॅरिसनी बराच वेळ ताटाकडे बघितलं. मंदिरात पिठाचं अर्पण असायचं, ते म्हणाले, आमच्याकडे त्याची नुसती प्रार्थना उरली. मग दोनदा वाढून घेतलं.

बाळाला ताटात ठेवलं. मिस्टर हॅरिसनी त्याच्याभोवती साखरेचे खडे आणि लसणाच्या पाकळ्या मांडल्या, त्यांच्याकडची रीत. "म्हणजे दृष्ट यांच्याकडेही लागते," दीना माझ्या कानात म्हणाली. मग त्यांनी बेंजीला विचारलं: तुला काय हवं, ज्येष्ठ मुलगा की पाच शेकेल? बेंजी पाठ केलेलं हिब्रू विसरला. म्हणाला, "My son. ऑफ कोर्स my son." आणि एक-एक औंसाची चार नाणी त्यांच्या हातावर ठेवली. चारच. पाच रुपये कमी पडले होते आणि ही चार जास्त झाली.

मग मी उभा राहिलो.

"यांना तो प्रश्न नाही," मिस्टर हॅरिस म्हणाले. "तो बापाला विचारायचा असतो."

माझे वडील जाऊन वीस वर्षं झाली.

"मला विचारा," दीना म्हणाली. "मी पाच शेकेल घेईन."

बेंजीनं भाषांतर केलं. मिस्टर हॅरिस इतके हसले की त्यांचं कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं.

मी आशीर्वादाची प्रार्थना म्हटली. वाटीत गाठ ठेवून वाटी त्यांच्या हातात दिली. गाठ आवळून दगड झाली होती. शुलमितनं कात्री आणली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि नखांनी, मग काट्या-चमच्यातल्या काट्यानं, हळूहळू ती सोडवली. रुपये काळे पडले होते. पाचही होते.

जेवण झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "आता हे माझं आहे, बरोबर?"

"पूर्ण तुमचं."

"मग वाटी मी या मुलाला माझ्याकडून भेट देतो. रुपये देणार नाही. ते माझ्या नातवंडांना दाखवायचे आहेत."

मी विचारलं, भेट परत आल्यानं व्यवहार मोडत नाही ना. ते म्हणाले, तुम्ही विचाराल हे मला माहीत होतं, मी आधीच बघून आलोय, मोडत नाही. एलियाहूचं उष्टावण त्याच वाटीतून होईल. फडकं मी परत आणलं. दीनानं धुतलं, पण गाठीच्या सुरकुत्या गेल्या नाहीत.

बेंजीची चार नाणी हा त्याचा हिशेब. तो त्यानं लिहावा. माझा एवढा: अखेर दिले राजाछाप रुपये पाच, चांदीची वाटी एक. घेणार मिस्टर हॅरिस, कोहेन, राहणार बाथ. कोणाबद्दल: आईचा पहिला मुलगा, वय वर्षं पंचावन्न.